'आमचं आम्ही बघतो' म्हणण्याआधी : इंग्लंडमध्ये घरच्या माणसाचं करणाऱ्यांसाठी

'केअरर' या शब्दाला मराठीत रुळलेला शब्द नाही. 'काळजीवाहक' पत्रकात शोभतो, घरात तो कुणी उच्चारत नाही. घरात सून असते, मुलगा असतो, ब्याऐंशीच्या नवऱ्याचं सगळं करणारी अठ्ठ्याहत्तरची बायको असते. "आईंचं मीच करते" एवढंच आपण म्हणतो. इंग्लंडमध्ये या 'करण्या'ला 'अनपेड केअरर' असं नाव आहे आणि त्या नावाला कायद्याने हक्क जोडलेले आहेत. ते नाव लावून घेतलं नाही, तर तुमच्या नावाची फाईलच उघडत नाही.

पुढची माहिती फक्त इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम बरेच वेगळे आहेत. भत्त्यांचे आकडे २०२५-२६ चे आहेत. ते दर एप्रिलला बदलतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

१. जीपीकडे दोन नोंदी करा

पहिली नोंद तुमची स्वतःची. तुमच्या जीपीच्या रिसेप्शनवर "मला केअरर म्हणून नोंदवा" असं सांगा. यासाठी पैसे पडत नाहीत, पुरावा लागत नाही. मुख्य केअररला फ्लूची लस मोफत मिळते. तुम्हीच आजारी पडलात तर घरी कोण अवलंबून आहे, हेही डॉक्टरांना कळतं.

दुसरी नोंद आईंच्या किंवा बाबांच्या भाषेची. इथे हमखास घोळ होतो. भाषेच्या रकान्यात कुणीतरी 'इंडियन' लिहितं आणि भेटीच्या दिवशी पंजाबी किंवा गुजराती दुभाष्या हजर होतो. 'मराठी' असं स्पष्ट लिहून घ्या. हिंदी चालणार असेल तरच 'मराठी नसेल तर हिंदी' अशी पुस्ती जोडा. टीव्हीवरची मालिका समजणं वेगळं आणि "छातीत जळजळतंय की दुखतंय" हे सांगता येणं वेगळं. एनएचएसमध्ये दुभाष्याचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात. भेट ठरवतानाच दुभाष्या आणि दुप्पट वेळ, दोन्ही मागा.

दुभाष्याचं काम स्वतःवर घेऊ नका, मुलांवर तर नकोच. सासूबाई सुनेसमोर लघवीच्या तक्रारी सांगत नाहीत, आणि सूनही "खूप विसरतात" हे त्यांच्या तोंडावर भाषांतरित करत नाही. गावात मराठी घरं मोजकीच असतील तर ओळखीचाच दुभाष्या येण्याची भीती रास्त आहे. अशा वेळी फोनवरचा, दुसऱ्या शहरातला दुभाष्या मागा.

विसरण्याबद्दल एक वेगळी गोष्ट. 'साठी बुद्धी नाठी' म्हणत आपण दोन-तीन वर्षं सहज घालवतो. गॅस चालू राहणं, पैशांचा हिशेब चुकणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं ही वयाची लक्षणं समजू नका. जीपीला मेमरी क्लिनिककडे पाठवायला सांगा. तिथल्या नेहमीच्या चाचण्या इंग्रजी आणि शाळेतल्या शिक्षणावर बेतलेल्या असतात, त्यामुळे चौथी शिकलेली आजी उगाच नापास होते. 'रुडास' ही चाचणी वेगवेगळ्या भाषांच्या आणि कमी शिकलेल्या लोकांना डोळ्यासमोर ठेवूनच ऑस्ट्रेलियात तयार झाली. ती वापरता येईल का, असं नाव घेऊन विचारा.

२. पैशांच्या अर्जाआधी व्हिसा पाहा

हा टप्पा ओलांडून पुढे गेलं तर अंगाशी येतं. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असेल, तर अटेंडन्स अलाउन्स, केअरर्स अलाउन्स, पेन्शन क्रेडिट, युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यांना हात लावू नका. पुढच्या व्हिसा अर्जात ते आडवं येऊ शकतं. 'अडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह' मार्गाने आलेल्या आईवडिलांसाठी मुलाने सांभाळाची लेखी हमी दिलेली असते. तिच्यामुळे पाच वर्षं पेन्शन क्रेडिटसारखे उत्पन्न पाहून दिले जाणारे भत्ते सहसा मिळत नाहीत, मग त्यांना कायमस्वरूपी राहण्याची परवानगी असली तरी.

कौन्सिलची सामाजिक सेवा मात्र इमिग्रेशनच्या नियमांतल्या 'पब्लिक फंड्स'च्या यादीत नाही. वैध व्हिसावर राहणाऱ्या केअररने कौन्सिलकडे असेसमेंट, म्हणजे स्वतःला कोणती मदत लागते याची तपासणी, मागितली म्हणून व्हिसाची अट मोडत नाही. "आम्हाला काहीच मिळत नाही" असं समजून अनेक घरं इथेच थांबतात.

व्हिसाची शंका व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडवू नका. इमिग्रेशनचा सल्ला देण्यासाठी या देशात परवाना लागतो. सल्लागार सॉलिसिटर आहे की इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला आहे, हे आधी तपासा.

३. सात दिवसांची वही

अर्ज भरायला बसण्याआधी आठवडाभर साधी वही ठेवा. आपण जे रोज करतो ते आपल्याला काम वाटेनासं होतं. विचारलं की "थोडी मदत लागते त्यांना" असं तोंडातून जातं. वहीतलं पान असं दिसायला हवं :

रात्री १.४० : हाक मारली. उठवून बाथरूममध्ये नेलं, धुतलं, गाऊन बदलला, चादर बदलली. २५ मिनिटं.
रात्री ४.१० : 'दार उघडं आहे' म्हणून उठल्या. समजावून झोपवलं. १५ मिनिटं.
सकाळी ७.३० : गोळ्या हातावर ठेवल्या, गिळेपर्यंत उभी राहिले. काल एक गोळी उशीखाली सापडली.
सकाळी ८.१५ : आंघोळ. पाठ, पाय, केस मी. नेसायला पूर्ण मदत. ५० मिनिटं.

रात्रीच्या नोंदी सर्वांत मोलाच्या. अटेंडन्स अलाउन्समध्ये रात्रीची मदत मोजताना साधारणपणे एका रात्रीत दोन वेळा उठावं लागणं किंवा एकाच वेळी वीस मिनिटं लागणं, हा निकष धरतात. 'रात्री उठतात' एवढंच लिहिलं तर हे कुणालाच कळत नाही.

४. अटेंडन्स अलाउन्स आधी, केअरर्स अलाउन्स नंतर

क्रम उलटा केला तर अर्ज अडतो, कारण दुसरा भत्ता पहिल्यावर उभा आहे.

अटेंडन्स अलाउन्स आजारी माणसाला मिळतो. त्याचं वय पेन्शनचं असायला हवं, मदतीची गरज सहा महिने असायला हवी आणि मागच्या तीन वर्षांतली निदान दोन वर्षं ग्रेट ब्रिटनमध्ये काढलेली असावीत. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना सहा महिन्यांची अट लागू नाही. दिवसा किंवा रात्री मदत लागत असेल तर आठवड्याला ७३.९० पौंड, दोन्ही वेळा लागत असेल तर ११०.४० पौंड. उत्पन्न आणि बचत पाहत नाहीत. मुलगा किती कमावतो याचा संबंध नाही. मदत प्रत्यक्ष मिळते की नाही हे मोजत नाहीत, तिची गरज मोजतात. म्हणून 'सून करते, त्यामुळे अडचण नाही' हे वाक्य अर्जात येऊ देऊ नका.

फॉर्मचं नाव एए१. तो फोन करून मागवा. फोनच्या तारखेपासून हक्क धरला जातो, भरलेला फॉर्म सहा आठवड्यांत पोचला तर. उतरवून घेतलेल्या फॉर्मला तो पोचल्याची तारीख लागते. भरायला मदत हवी असेल तर एज यूके किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसच्या स्थानिक शाखेत वही घेऊन जा.

तो मंजूर झाला की केअरर्स अलाउन्स. आठवड्याला किमान ३५ तास तुम्ही करत असाल तर ८३.३० पौंड. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि निम्मी पेन्शन वर्गणी वजा जाता तुमची कमाई आठवड्याला १९६ पौंडांच्या (हाही आकडा २०२५-२६ चा) आत हवी. एक पौंड जरी वर गेला तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. ओव्हरटाइम, बोनस, वर्षाची पगारवाढ कळवायची राहिली तर वसुलीचं पत्र महिन्यांनी येतं आणि तोवर रक्कम हजारांत गेलेली असते. आणखी तीन खाचखळगे :

- तुम्हाला सरकारी पेन्शन मिळत असेल आणि ती या भत्त्याहून जास्त असेल तर हातात पैसे पडत नाहीत. तरीही अर्ज करा. त्यामुळे पेन्शन क्रेडिट वाढू शकतं.
- आई एकटी राहत असेल आणि तिला पेन्शन क्रेडिट असेल, तर तुम्ही भत्ता घेतल्याने तिच्या पेन्शन क्रेडिटमधली ज्यादा रक्कम कापली जाऊ शकते. आधी सल्ला घ्या.
- भारतवारी. अटेंडन्स अलाउन्स तात्पुरत्या प्रवासात साधारण १३ आठवडे चालू राहतो, पण तुम्ही एकट्याच गेलात तर केअरर्स अलाउन्स चार आठवड्यांपुरताच. गणपतीला जाऊन दिवाळी करून परतायचं असेल तर निघण्याआधी कळवा.

३५ तास भरत नसतील पण २० भरत असतील, तर 'केअरर्स क्रेडिट' मागा. पैसे मिळत नाहीत, पण तुमच्या पेन्शनसाठीची वर्षं वाया जात नाहीत. नोकरी करत असाल तर ६ एप्रिल २०२४ पासून पहिल्या दिवसापासून वर्षाला एक आठवड्याची केअरर्स लीव्ह हक्काची आहे. बिनपगारी आहे, हे मात्र खरं.

५. केअरर्स असेसमेंट

केअर ॲक्ट २०१४ नुसार कौन्सिलने हे केलंच पाहिजे. तुम्ही किती तास करता, घरात पैसा किती, याचा संबंध नाही. मदत लागत असावी असं दिसणं पुरेसं आहे. बाबा स्वतः "मला कुणी नको" म्हणाले तरी तुमचं असेसमेंट थांबत नाही. कौन्सिलच्या अडल्ट सोशल केअर विभागाला ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. काही ठिकाणी हे काम स्थानिक केअरर्स सेंटरकडे दिलेलं असतं. कायद्यात ठरावीक दिवसांची मुदत नाही, म्हणून "कोणत्या आठवड्यात होईल" हे विचारत राहा.

हाताशी ठेवा : तुमचा नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, व्हिसा असेल तर ई-व्हिसाचा शेअर कोड, औषधांची यादी, हॉस्पिटलची अलीकडची पत्रं, अटेंडन्स अलाउन्सचं मंजुरीपत्र, आणि ती वही.

असेसमेंट वेगळं मागा, वेगळ्या खोलीत किंवा फोनवर. दोघांचं एकत्र करायला दोघांचीही संमती लागते. सासूबाई समोर बसलेल्या असताना कुणीही सून खरं बोलत नाही, आणि सोशल वर्करला ते उमगेलच असं नाही.

मग तो प्रश्न येतो : हे तुम्ही करू शकता का, आणि करायची तुमची तयारी आहे का? कायद्यात हे दोन्ही तपासणं बंधनकारक आहे. आपलं उत्तर ठरलेलं असतं : "करायलाच हवं, आमच्यात असंच असतं." कागदावर त्याची नोंद होते, 'तयारी आहे, कुटुंबाचा आधार भक्कम', आणि मदतीचा रकाना कोरा राहतो. 'आशियाई घरं आपलं आपण बघतात' हा समज त्यांच्याकडेही आहेच, त्यात आपण भर घालतो. उत्तर असं द्या : "मला करायचं आहे. पण आंघोळ आणि रात्र माझ्याच्याने होत नाही. आठवड्यात चार रात्री झोप मोडते, पाठीचं औषध चालू आहे, आणि मार्चपासून कामाचे तास कमी केलेत." प्रेमाबद्दल शंका येईल अशी भीती बाळगू नका. ते तपासायला कुणी आलेलं नाही.

तुमचं जेवण, घर, मुलं, नातीगोती, नोकरी किंवा शिक्षण, विरंगुळा यांतलं काय काय सुटतंय, ते मुद्द्यागणिक सांगा. निकष याच गोष्टींवर आहेत. देवळात किंवा मंडळात जाणं बंद झालं असेल तर तेही सांगा. शेवटी असेसमेंटची लेखी प्रत मागा आणि चुकलेलं दुरुस्त करून घ्या. प्रक्रिया समजणं फारच अवघड जात असेल आणि सोबतीला योग्य माणूस नसेल, तर कौन्सिलने स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, तुमची बाजू मांडायला मदत करणारा माणूस) द्यायचा असतो.

पैशांचा प्रश्न आईंच्या स्वतःच्या गरजांचं वेगळं असेसमेंट होतं, त्यात येतो. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांपेक्षा जास्त भांडवल असेल तर काळजीचा खर्च साधारणपणे स्वतःचा स्वतः. मुलाचा पगार मोजत नाहीत. पुण्यातला रिकामा फ्लॅट आणि बँकेतली एफडी मात्र मोजतात. लपवू नका, आणि काळजीची गरज दिसू लागल्यावर घाईने मुलाच्या नावावरही करू नका. खर्च टाळायला मालमत्ता काढून टाकली असं कौन्सिलला वाटलं, तर ती अजून आईंचीच आहे असं धरून हिशेब होतो.

६. 'आवड' म्हणू नका, 'गरज' लिहा

आपली भाषा, जेवण, सोवळं-ओवळं यांचा उल्लेख अर्जात बहुधा 'प्रेफरन्स' म्हणून होतो. प्रेफरन्स पहिली कापली जाते. प्रत्येक गोष्टीपुढे ती नसेल तर काय होतं, ते लिहा. 'भारतीय जेवण आवडतं' यावरून कुणी हलत नाही. 'दिलेलं जेवण तसंच परत जातं, तीन महिन्यांत पाच किलो वजन घटलं' यावर हालचाल होते.

पाणी. 'टॉयलेटमध्ये पाण्याशिवाय चालत नाही' हे सांगायला संकोच वाटतो, म्हणून ते सांगितलंच जात नाही. हात पोचत नसेल तर कागदावर भागवावं लागतं, त्वचा खराब होते, बाहेर जाणंच टळतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टला (घरातले बदल आणि साधनं सुचवणाऱ्याला) हे जसंच्या तसं सांगा. एक हजार पौंडांपर्यंतचे छोटे बदल आणि साधनं गरज ठरल्यास मोफत मिळतात. धुऊन वाळवणारं टॉयलेट किंवा बिनउंबऱ्याची न्हाणी अशा मोठ्या कामांना 'डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट' आहे, इंग्लंडमध्ये कमाल ३०,००० पौंड, आणि मोठ्यांच्या बाबतीत त्यात उत्पन्न पाहतात. मंजुरीआधी काम सुरू केलं तर ग्रँट जाते.

जेवण. 'एशियन व्हेजिटेरियन' डब्यात तिखट छोले आणि नान निघू शकतात. बिनकांद्या-लसणाचं हवं असेल तर तसं लिहा. गिळायला त्रास असेल तर स्पीच थेरपिस्ट जेवण किती मऊ, किती बारीक हवं याची 'लेव्हल' ठरवून देतात, पण पत्रकातली उदाहरणं बटाट्याच्या लगद्याची असतात. पाचव्या लेव्हलला (बारीक केलेलं, ओलसर जेवण) मोकळा भात चालत नाही, कारण सुटलेला दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो. चिकट गोळाही नको, आणि वरणाचं पाणी ताटात वेगळं सुटायला नको. आसट भात घट्ट वरणात नीट कालवून मऊ केला तर जमू शकतं. भाकरीचा तुकडा नाही. दुधात कुस्करली तरी थेरपिस्टला वाटी दाखवल्याशिवाय नाही. उपवास धरणाऱ्या मधुमेही माणसाच्या गोळ्यांचं जीपीशी आधी बोला. कॅप्सूलमधलं जिलेटिन खटकत असेल तर फार्मासिस्टला पर्याय विचारा, घरी कॅप्सूल फोडू नका.

अंग धुणं. बाईला बाईच हवी, हे केअर प्लॅनमध्ये लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं रविवारच्या बदली माणसापर्यंत पोचत नाही. बूट दाराशी काढणं, देवघराला हात न लावणं, मंगळसूत्र न काढता टेपने झाकणं, डोक्याला तेल, हेही तिथेच.

हाक. इथे वृद्धांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. ऐंशीच्या आजींना ते अपमानाचं वाटतं, त्या गप्प होतात आणि नोंदीत 'प्रतिसाद देत नाही' लागतं. 'आजी म्हणा' असं लिहा, उच्चारासकट. अल्झायमर्स सोसायटीचं 'धिस इज मी' हे पत्रक यासाठी सोयीचं आहे. ते भरून एक प्रत फ्रिजवर आणि एक हॉस्पिटलच्या पिशवीत ठेवा. डिमेन्शियात नंतर शिकलेलं इंग्रजी आधी निसटतं, म्हणून 'पाणी', 'दुखतंय', 'संडास', 'बास' असे वीसेक शब्द इंग्रजी अर्थासह पत्रकाच्या मागे लिहा. मदतीला येणाऱ्या माणसाला ते पहिल्याच दिवशी उपयोगी पडतात.

७. डायरेक्ट पेमेंट

एजन्सीकडे मराठी माणूस नसेल तर कौन्सिलकडून पैसे घेऊन तुम्हीच माणूस ठेवू शकता. एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला एरवी हे पैसे देता येत नाहीत. वेगळ्या घरात राहणाऱ्या मावशीला देता येतात. माणूस ठेवला की तुम्ही मालक होता : एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा सक्तीचा, पगाराचा हिशेब, सुट्ट्या, कदाचित पेन्शन. पेरोल कोण सांभाळेल आणि विम्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का, हे सही करण्यापूर्वी विचारा.

ग्रुपवर 'मराठी मुलगी हवी' असं टाकलं की बहुधा विद्यार्थिनी येते. डिग्री करणाऱ्या स्टुडंट व्हिसाधारकाला सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तासच काम करता येतं, सगळ्या नोकऱ्या मिळून. शेअर कोडने 'राइट टू वर्क' तपासा आणि त्याची प्रत ठेवा. बेकायदा काम दिल्याचा दंड पहिल्या वेळीच माणशी ४५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. रोख रकमेत गुपचूप उरकणं दोघांनाही महागात पडतं.

८. मंडळ काय करू शकतं

१९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनपासून छोट्या शहरांतल्या मंडळांपर्यंत आपल्याकडे हॉल, स्वयंपाक आणि माणसं आहेत. केअररसाठी काही करायचं तर नाव 'केअरर्स सपोर्ट ग्रुप' ठेवू नका, कुणी येत नाही. 'चहा-पोहे, दर महिन्याचा दुसरा मंगळवार, ११ ते १' ठेवा. बाजूच्या खोलीत आजी-आजोबांसाठी भजन किंवा पत्ते असू द्या, नाहीतर ज्यांना सुटका हवी त्यांनाच घरी बसावं लागतं. सोबत बसणाऱ्या स्वयंसेवकांना डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची पडताळणी) लागेल का, ते आधी विचारून घ्या. केअरर्स सेंटरच्या माणसाला दर दोन-तीन महिन्यांनी बोलवा. फॉर्म तिथेच टेबलावर भरले जातात.

इथे बोललेलं व्हॉट्सॲपवर जात नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. एकदा फुटलं की पुन्हा कुणी तोंड उघडत नाही. भाडं आणि प्रवासखर्चासाठी नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंडच्या 'अवॉर्ड्स फॉर ऑल'मधून २०,००० पौंडांपर्यंत मागता येतात. लिखित घटना, एकमेकांचे नातेवाईक नसलेले किमान दोन पदाधिकारी आणि दोन सह्यांचं बँक खातं लागतं. ब्रॅडफर्डमधली 'मेरी यादें' ही दक्षिण आशियाई कुटुंबांत डिमेन्शियावर काम करणारी संस्था आहे. मराठी गट उभा राहीपर्यंत हिंदी-उर्दू चालत असेल तर अशा गटांत जायला हरकत नाही.

९. नकार आला तर

अटेंडन्स किंवा केअरर्स अलाउन्स नाकारला तर पत्राच्या तारखेपासून एक महिन्यात 'मँडेटरी रीकन्सिडरेशन', म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागा. तेही नाकारलं तर ट्रायब्युनल. सोबत वहीची पानं जोडा. नुसतं 'अन्याय झाला' लिहून निकाल बदलत नाही.

कौन्सिलविरुद्ध आधी कौन्सिलकडेच लेखी तक्रार. "दुभाष्या न देता असेसमेंट केलं" किंवा "माझी तयारी आहे का हे विचारलं नाही" अशी नेमकी चूक लिहा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर 'लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समन'कडे (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र लोकपालाकडे) जाता येतं. फी नाही. अडचण कळल्यापासून साधारण बारा महिन्यांत जायला हवं. तक्रार केली म्हणून चालू असलेली मदत काढून घेता येत नाही. तसा इशारा कुणी तोंडी दिला, तर त्याच दिवशी "आज फोनवर आपण असं म्हणालात" असा ईमेल पाठवून ठेवा.